धुऱ्यावर बसलेल्या बाया

माझ्या हातून झालेल्या चुका सांगायला बसलो तर दिवस पुरणार नाही, आणि बायको मदतीला बसली तर आठवडा पुरणार नाही. म्हणून एकच सांगतो. ही चूक मी घरच्या घरी केली नाही. कॅमेऱ्याकडे पाहत, छाती पुढे काढून केली, आणि वर तीन दिवस तिच्याबद्दल लोकांच्या पैशाने चहा प्यायलो.

आर्णीत माझे संगणकाचे वर्ग आहेत. सकाळी आणि संध्याकाळी मुलंमुली शिकायला येतात. दुपारी बारा ते चार खोली रिकामी. अकरा संगणक असे आहेत की बटण दाबल्यावर ते आधी विचार करतात, मग घरघरतात, मग नाइलाजाने सुरू होतात. बारावा चांगला आहे. तो माझा. त्याच्यावर मी नव्याने आलेले व्हिडिओ गेम खेळतो आणि ते कसे आहेत हे वऱ्हाडीत सांगून त्याचे व्हिडिओ टाकतो. सुरुवातीला पाहणारे दोघंच होते, मी आणि बायको. त्यातही बायको आवाज बंद करून पाहायची. मग हळूहळू पुसद, उमरखेड, पार नांदेडपर्यंतची मंडळी पाहायला लागली. बाभुळगावकडचा एक जण परदेशातून लिहायचा, भाऊ, तुमचं बोलनं ऐकून घरच्या ओसरीत बसल्यावानी वाटते. हे वाक्य मी बायकोला इतक्या वेळा वाचून दाखवलं की शेवटी ती म्हणाली, त्याले म्हना, या इकडं, खरोखरच बसा ओसरीत, मी जातो तिकडं.

गुण देताना मी तारेबिरे देत नाही. खेळायला बसताना शेजारी चहा ठेवतो. चहाची आठवण न होता तो गार झाला, तर गेम चांगला. एक चहा गार, दोन चहा गार, तीन चहा गार. त्याच्यावर अजून कुणी गेलेलं नाही. कोट्यवधी खर्चून केलेला तलवारबाजीचा एक परदेशी गेम मी अर्ध्या चहात नापास केला होता, कारण त्यातल्या घोड्याच्या शेपटीचा केस न् केस वाऱ्यावर हलतो, पण तोच घोडा नदीतून चालला तर पाणी हलत नाही. आपल्याकडच्या रस्त्यांवर ट्रक चालवायचा एक गेम आला, त्यात गावात शिरताना एकही गाय आडवी आली नाही. मी म्हटलं, यानं नकाशा पाहून रस्ता केला, रस्ता पाहून नाही केला. क्रिकेटच्या एका गेममध्ये फलंदाज बाद होऊन परत जाताना पंचाला आरपार ओलांडून गेला. त्यावर मी बारा मिनिटं बोललो. लोकांना आवडायचं. आणि खरं सांगतो, आर्णीतल्या एका खोलीत बसून, पंख्याच्या वाऱ्यात, जगातल्या मोठमोठ्या गेमचे कान धरायला मलाही फार आवडायचं.

माझी एक कायमची तक्रार असायची. दर दोन-तीन व्हिडिओंनंतर मी ती करायचोच. जगातल्या सगळ्या भाषांत गेम निघतात, आमच्या बोलीत का निघत नाही? जपानी शेतकरी झालो, अमेरिकन शेतकरी झालो, टोमॅटो लावले, द्राक्षं लावली. पऱ्हाटी कधी लावायला मिळाली नाही. पऱ्हाटी म्हणजे आमच्याकडे कपाशीचं झाड. ती घेणारा माणूस गेममध्ये शेतकरी धरतच नाहीत का?

मग तो गेम आला.

पोळा होऊन गेला होता. पुण्याहून एका मुलीचा मेल आला की आम्ही दोघांनी मिळून एक गेम केला आहे, कापसाच्या शेतीचा, पुढच्या आठवड्यात बाजारात येतो आहे, तुम्हाला आधी खेळायला पाठवते. मेल बराच लांब होता. मी वरच्या चार ओळी वाचल्या. मोठ्या समीक्षकाला एवढंच वाचायला वेळ असतो, अशी माझी त्या काळात समजूत होती.

गेम सुरू केला आणि पहिल्यांदा मी हरखलोच. काळी माती, दूरवर पळसाची झाडं, धुऱ्यावर बोर. धुरा म्हणजे आपल्या शेताचा बांध. माणसं बोलत होती तीसुद्धा आमचंच, मले, तुले, काहून. पेरणी झाली, तण काढायची डवरणी झाली, पऱ्हाटी कमरेला लागली. बोंडं फुटली आणि सगळं वावर पांढरं झालं. चहा गार झाला होता. दुसरा मागवला.

वेचणीसाठी मी गावातून दहा बाया बोलावल्या. बाया आल्या. ओळीनं आल्या, आणि ओळीनं धुऱ्यावर बसल्या.

मी थांबलो. म्हटलं, दमल्या असतील. पाणी पाठवलं. बसलेल्याच. त्यातली एक म्हातारी काहीतरी बोलायची, पडद्याच्या खाली तिचं बोलणं उमटायचं. आता इथे माझं खरं पाप आहे. गेममधली माणसं बोलायला लागली की पुढे ढकलायचं बटण दाबायची मला सवय. वर्षानुवर्षांची. समीक्षकाला वेळ नसतो हे वर आलंच आहे. ज्या बोलीसाठी मी एवढी बोंब ठोकत होतो, ती बोली समोर आली आणि मी ती बटण दाबून हाकलत होतो. म्हातारी तोंड उघडायची, मी बटण दाबायचो.

बाया उठेनात म्हणून मी मजुरी वाढवली. मग दुप्पट केली. मग धुऱ्यावर मांडव घातला. गेममध्ये रेडिओ मिळत होता, तो आणून लावला. एक ट्रॅक्टर घेतला, का, ते अजून मला सांगता येत नाही. बहुतेक त्यांच्यावर छाप पडावी म्हणून. दहाही जणींना लुगडी वाटली. लुगडी घेतली, घडी करून बाजूला ठेवली, आणि परत बसल्या. इकडे बोंडं गळायला लागली, एक अवकाळी सर आली आणि कापूस पिवळा पडला. दुसरा चहा मी गरमच पिऊन टाकला.

लगेच व्हिडिओ केला. माझ्या आजवरच्या व्हिडिओंत तो सगळ्यात रंगला, हे मला आजही नाकारता येत नाही. म्हटलं, पुण्यात बसून कापूस पिकवला की असं होते. बायायले चालता येत नाही, हात हालवता येत नाही, गेममध्ये बिघाड आहे, आणि तो न तपासताच यायनं गेम विकायले काढला. स्वयंपाकघरात तर नुसता पसारा. दह्याचं गाडगं कायले ठेवलं? शेतीच्या गेममध्ये दही? मी ते दही गेममधल्या कुत्र्याला घातलं, ते दाखवलं, आणि म्हटलं, अख्ख्या गेममध्ये समाधानी प्राणी हा एकच. पाच तास खेळून मत देतो आहे असंही सांगितलं. पाच नव्हते. पावणेतीन होते, आणि त्यात चहावाल्याशी बोललेली वीस मिनिटंही होती.

व्हिडिओ असा धावला की माझा कोणताच व्हिडिओ तसा धावला नव्हता. धुऱ्यावर बसलेल्या बायांचा तुकडा कापून लोक एकमेकांना पाठवायला लागले. सरकारी कचेरीचं काम म्हणून पाठवायचे, घरच्या सुनेचं काम म्हणून पाठवायचे. ज्यांनी गेम पाहिलाही नव्हता ते गेमच्या पानावर जाऊन वाईट शेरे लिहून आले. बसस्टँडसमोरच्या पानठेल्यावर मला पाहून एकानं दुसऱ्याला सांगितलं, हेच ते, बायावाले. मी मान किंचित झुकवली. तीन दिवस मी जिथे जाईन तिथे चहा कुणीतरी दुसराच सांगायचा.

चौथा दिवस आठवडी बाजाराचा होता. आमचं शेत आर्णीहून दोन कोसांवर आहे. बाबा गेल्यापासून ते आई पाहते. मी पाहतो असं मी लोकांना सांगतो. बाजाराच्या दिवशी आई येते, चवळीच्या शेंगा, वांगी काय असेल ते ओळखीच्या बाईकडे टाकते आणि दुपारी आमच्याकडे जेवते. त्या दिवशी जेवण झाल्यावर बायकोनं तिला फोनवर माझा व्हिडिओ लावून दिला. बायकोच्या मनात काय होतं हे मी अजून विचारलेलं नाही.

आईनं चष्मा लावून पूर्ण व्हिडिओ पाहिला. मधे एकदाही हसली नाही. मला वाटलं, तिला गेममधलं काय कळणार. कुत्र्यानं दही खाल्लं तिथे तिनं फोन जरा जवळ घेतला. संपल्यावर फोन खाली ठेवला आणि मला विचारलं,

"दही नेलतं का वावरात?"

मी हसलो. म्हटलं, आई, ते दही गेममधलं आहे, उगीच ठेवलं आहे त्यांनी.

"मी दुसरं काय विचारून राह्यली? पयली वेचनी होय ना ते? सीतादही केल्याबिगर कोनती बाई कापसाले हात लावन? मीबी नाई लावत."

इथे वाचकांसाठी सांगायला हवं, कारण तेव्हा मलाही कुणीतरी सांगायला हवं होतं. आमच्या भागात कापसाची पहिली वेचणी धरायच्या दिवशी घरून दहीभात न्यायचा. वावरात एका पऱ्हाटीच्या बुडाशी दगड मांडायचे, हळदकुंकू लावायचं, दहीभात ठेवायचा. नव्या बोंडातला कापूस काढून, हातानेच त्याला पीळ देऊन, तो झाडाला गुंडाळायचा. थोडा दहीभात वावरात शिंपडायचा, उरलेला बाया धुऱ्यावर बसून खातात. त्याला सीतादही म्हणतात. ते झालं की मग वेचणी. त्याआधी नाही. मालकानं मजुरी कितीही वाढवली तरी नाही.

आणि हे मला माहीत होतं. हीच तर गंमत. लहानपणी दह्याचं भांडं डोक्यावर घेऊन वावरात जायचं काम माझंच होतं. अर्धं मी वाटेतल्या नाल्यात बसून संपवायचो आणि वर पाणी घालून सारखं करायचो. म्हणजे सीतादहीची माझ्या मनातली आठवण होती ती दह्याची. बाया, दगड, सूत, हे सगळं माझ्या पाठीमागे चालायचं आणि मी चाटून पुसून भांडं घासायला घ्यायचो. शिकलो, शहाणा झालो, आणि गेममध्ये तेच भांडं समोर आलं तर ते कुत्र्यापुढे ठेवलं.

आईला घेऊन तसाच वर्गावर गेलो. गेम वेचणीच्या दिवसापासून परत लावला. या वेळी स्वयंपाकघरातून दह्याचं गाडगं उचललं आणि धुऱ्यावर गेलो. म्हातारीनं तोंड उघडलं. बटणावरचं बोट मी महाप्रयासानं उचललं. म्हातारी म्हणत होती, "हात हालवत आला का बाप्पा? आज पयली वेचनी होय." पावणेतीन तास ती बाई मला हेच सांगत होती.

मी दही दिलं. दहाही जणी उठल्या. दगड मांडले. सूत गुंडाळलं. घास घास खाल्ला, कमरेला कापूस ठेवायची ओटी बांधली आणि पऱ्हाटीच्या तासांत, म्हणजे ओळींत, शिरल्या. मागे संगीत नाही, काही नाही, नुसता बोंडातून कापूस सुटल्याचा बारीक आवाज. आई खुर्चीवर पुढे सरकून बसली होती. मी तिच्याकडे पाहायचं टाळत होतो.

मग मी त्या मुलीचा मेल काढला आणि उरलेला वाचला. त्यात लिहिलं होतं की ती पुसदजवळच्या एका तांड्यातली आहे. तांडा म्हणजे बंजारा मंडळींची वस्ती. पूर्वी बैलांच्या पाठीवर माल वाहून देशभर फिरणारी ही माणसं आता आमच्यासारखीच कापूस-तूर करतात. तिची आई वेचणीला जायची, तीही सोबत जायची. गेममधल्या बाया म्हणजे तिच्या आईची टोळी. शेवटी लिहिलं होतं: तुम्ही आमच्याच भागातले. बाया का बसतात हे दुसऱ्या कोणाला नाही कळलं तरी तुम्हाला कळेल, म्हणून सगळ्यात आधी तुम्हाला पाठवते आहे.

हे पाचव्या ओळीपासून पुढे होतं.

मेलखाली नंबर होता. माझा फोन करायचा धीर होईना. आईनं विचारलं काय झालं. मी सांगितलं. ती म्हणाली, "मंग लाव ना फोन. का आता तिच्यासाठीबी मीच दही घेऊन जाऊ?"

लावला. मी नाव सांगताच ती मुलगी घाईघाईनं बोलायला लागली, आणि मला वाटत होतं त्यातलं एकही वाक्य ती बोलली नाही. चिडली नव्हती. सॉरी सर म्हणाली. मला सॉरी म्हणाली. तीन दिवस त्या दोघांनी तो प्रसंग उलटापालटा करून तपासला होता. बिघाड सापडला नव्हता, पण मी म्हणतो म्हणजे चूक असेलच असं त्यांनी धरलं होतं. सोमवारी नवी आवृत्ती टाकायची ठरली होती. त्यात सीतादही काढून टाकली होती. बाया येतील आणि थेट वेचायला लागतील.

"तिकडच्या माणसालेच नाही कळलं," ती म्हणाली, आणि तिचं पुणेरी वळण इथे सुटलं, "तर मंग बाकीच्यायले काय कळन, सर? म्हटलं, जाऊ द्या. माझ्या आईची गोष्ट आहे, गेममध्ये कायले पाह्यजे."

मी आयुष्यात पुष्कळ गेमवर पुष्कळ बोललो आहे. त्या वेळी मोठ्या मुश्किलीनं म्हटलं, काढू नका. बिघाड गेममध्ये नाही, माझ्यात आहे. मी बोलणं पुढे ढकलत होतो. दही कुत्र्याला घातलं.

मग ती हसली. पण हसून झाल्यावर जे म्हणाली ते बरोबर होतं: तुम्ही मला एकटीला सांगून उपयोग नाही सर, लोकांनी तुमचा व्हिडिओ पाहिला आहे; रोज शेरे येताहेत, सोबतचा मुलगा म्हणतो काढूनच टाकू.

सोमवारला चार दिवस होते.

आता दुसरा व्हिडिओ करायचा म्हणजे काय, हे ज्यानं कधी गर्वानं पहिला केला असेल त्यालाच कळेल. मी आधी एक पळवाट काढून पाहिली. गेममध्ये सूचना अधिक स्पष्ट हव्या होत्या, असं सौम्य शब्दांत, दोष निम्मा त्यांच्याकडे ढकलून. लिहून बायकोला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "म्हातारी सांगत होती ना तुमाले? अजून किती स्पष्ट पाह्यजे, घरी येऊन सांगायले पाह्यजे का?" कागद फाडला.

शुक्रवारी दुपारी आईला परत बोलावलं. ती येताना चांगलं लुगडं नेसून आली, पण कॅमेऱ्यासाठी नाही, बँकेत काम होतं म्हणून. मी कॅमेरा लावला आणि सगळं सांगितलं. पावणेतीन तास सांगितले. बटण सांगितलं. पाचवी ओळ सांगितली. कुत्रा परत दाखवला, या वेळी हसायचं माझ्यावर आहे हे सांगून. लहानपणी दह्यात पाणी घालायचो तेही सांगितलं, ते खरं तर सांगायची गरज नव्हती, पण आई शेजारी बसली होती आणि तिला ते तेव्हाच पहिल्यांदा कळलं. तिनं माझ्याकडे जे पाहिलं ते व्हिडिओत आहे. पुष्कळ जणांना तोच भाग सगळ्यात आवडला.

मग मी गेम लावला आणि आईला म्हटलं, तू सांग कसा आहे. मला वाटलं, ती म्हणेल छान आहे, आपली मानसं दाखवली, आणि आपण हात जोडून संपवू. पण आईला नुसतं छान म्हणायची सवय नाही. आमच्या लग्नातल्या जेवणाबद्दलसुद्धा ती अजून छान म्हणालेली नाही.

ती पडद्याकडे पाहत बोलायला लागली. बाया बसल्या ते बरोबर. म्हातारी आधी बोलली, बाकीच्या गप्प राहिल्या, तेही बरोबर, असंच असते. पण ओटी चुकली. ओटीची गाठ पाठीमागे दाखवली आहे. वाकून वाकून तिथे सुजते, गाठ बाजूला पाहिजे, म्हणजे ओटी भरली की एका हातानं सोडता येते. त्या तिसऱ्या बाईचा एकच हात चालून राह्यला, दुसरा काय पाहुणा आला का, दोन्ही हातानं वेचतात. पऱ्हाटीत तुरीची तासं कुठे आहेत? नुसती पऱ्हाटी कोन लावते? बैल लय खाऊन माजलेले दिसतात, ते कामाचे नाहीत, ते फोटोचे आहेत. मालकीण धुऱ्यावर उभी आहे अन् पदराले एक काडी चिकटलेली नाही, ती वावरात आली का लग्नाले आली?

आणि शेवटी म्हणाली, "पन सूत गुंडाळलं ना झाडाले, ते जिनं केलं तिनं पाह्यलेलं हाय. ऐकून नाई केलं. पीळ डावीकडून देल्ला तिनं. तांड्यातल्या बाया तसाच देतात."

मी कॅमेऱ्यामागे उभा होतो. इतकी वर्षं मी गेमचे कान धरत आलो. घोड्याची शेपटी, नदीचं पाणी, पंच. आईनं दहा मिनिटांत जे केलं ते मला कधी जमलं नव्हतं. तिनं एकाही गोष्टीची टर उडवली नाही आणि एकही गोष्ट सोडली नाही. मला त्या वेळी काय वाटलं ते सांगू? लाज वाटायला पाहिजे होती; ती नंतर वाटली. तेव्हा मला गर्व वाटला. ही माझी आई आहे, असं कॅमेऱ्यासमोर येऊन सांगावंसं वाटलं, आणि ते सगळ्यांना माहीतच होतं.

व्हिडिओ टाकला. पहिल्यासारखा तो एका दमात धावला नाही. खरं सांगायचं तर शनिवारी दुपारपर्यंत मी दर दहा मिनिटांनी पाहत होतो आणि आकडा बैलगाडीनं चालल्यासारखा चालत होता. पानठेल्यावर कुणी चहा सांगितला नाही. एकानं दही घेता का म्हणून विचारलं. पण मग बाया पाहायला लागल्या. म्हणजे खऱ्या बाया. माझे व्हिडिओ कधी न पाहिलेल्या. कुणाच्या पोरीनं आईला दाखवला, तिनं वेचणीच्या टोळीत दाखवला. कळंबकडच्या एकीनं लिहिलं, आमच्याकडं गाठ पुढं बांधतात, तुमच्या आईले सांगा. घाटंजीकडच्या दुसरीनं लिहिलं, पुढं बांधली तर पोटाले लागते, आई बरोबर हाय. खाली चाळीस-पन्नास जणींचं भांडण जुंपलं. गेमच्या पानावर, वाईट शेऱ्यांच्या वर, लांब लांब शेरे उमटायला लागले, आणि त्यात कुणी गेमला शिव्या देत नव्हतं. सगळ्या जणी आपापल्या वावरातली सीतादही सांगत होत्या.

रविवारी त्या मुलीचा फोन आला. मी उचलला. ती म्हणाली, सर, याडी आहेत का? बंजारा मंडळींच्या गोर बोलीत याडी म्हणजे आई. मी म्हटलं, आई तिकडे गावी आहे, मी निरोप देतो, तू मला सांग. ती म्हणाली, नाही, ओटीची गाठ कशी बांधतात ते तुम्हाला सांगता येईल का? मी विचार केला आणि आईचा नंबर दिला. गेली बारा वर्षं आर्णीत गेमबद्दल काही विचारायचं तर माझ्याकडे यायचं असा रिवाज होता. तो त्या रविवारी संपला, आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं.

सोमवारी ती नवी आवृत्ती आली नाही. आठ दिवसांनी दुसरी आली. नव्या आवृत्तीसोबत काय बदललं याची छोटी यादी असते, ती मी आता पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. वरच लिहिलं होतं: बाया बसतील. दही आनल्याबिगर उठनार नाईत. खाली लिहिलं होतं की ओटीची गाठ बाजूला घेतली, तिसऱ्या बाईचे दोन्ही हात चालतील, आणि पऱ्हाटीत तुरीची तासं टाकली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आई जेवण झाल्याबरोबर स्वतःच म्हणाली, चाल, पाहून येऊ तिनं काय केलं ते. वर्गात तिला माझ्या खुर्चीवर बसवलं. बाया आल्या, बसल्या, दही दिलं, उठल्या. आईनं गाठ पाहिली, मान हलवली. तूर पाहिली. तास मोजले, अगदी बोट लावून. मग म्हणाली, तूर बरी टाकली, पन बैल अजून तसेच माजलेले हायत, तिले सांग.

मी म्हटलं, तूच सांग. फोन लावून तिच्या हातात दिला. पलीकडून ती मुलगी याडी म्हणाली असावी, कारण आई हसली, आणि मग दोघी बैलांवर सुरू झाल्या. बैलांवरून त्या वेचणीच्या मजुरीवर गेल्या, तिथून त्या मुलीच्या आईच्या गुडघ्यावर, आणि परत बैलांवर आल्या. मधेच आई म्हणाली, "नाई, नाई, तसं नको करू पोरी, लिहून घे, मी सांगतो."

चार वाजले. वर्गाची मुलंमुली दारात जमली आणि आत यायला लागली. मी त्यांना बाहेरच थांबवलं. म्हटलं, थांबा जरा, आत समीक्षा चालू आहे.